साडेनव्व्याण्णव

पेठनाक्याच्या पोरानं चोवीस अंडी दिली
बेदाण्याच्या खोक्यात, भुशावर मांडून.
"बटेर हायत मामा, सतरा दिवस धरा."
आमच्याकडं लाव्ही म्हणतात,
हरभऱ्यातनं पायाखालून भुर्रकन उडणारी.
ही तशी नाहीत.
पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून
ही उबायला बसणंच विसरलीत.
अंडं टाकतात आणि निघून जातात,
जशी कुणी जळकी मोटर माझ्या दुकानात टाकतं
आणि परत फिरकत नाही.

मी मोटरी भरतो. विट्यात, मागांच्या गल्लीत.
तांब्याची तार वेढे मोजून गुंडाळायची,
म्हणून खोकं जमलं:
मासळीचा थर्मोकोल, चाळीसचा बल्ब,
कॉम्प्युटरचा पंखा, वाटीत पाणी.
थर्मामीटर तेवढा नव्हता.
तो शेजारच्या मालन तारळेकरणीनं दिला,
काचेचा, तापाचा.
लेक बाळंतपणाला आलेली.
"लागला तर मागीन," म्हणाली.

पारा साडेनव्व्याण्णववर ठेवायचा.
अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्याला गोल.
सकाळी फुली वर, दुपारी गोल, झोपताना फुली.
एकाचे ठिपके दुसऱ्यासारखे नाहीत,
कुणी शाईचा टाक झटकत गेल्यासारखे.
पंधराव्या दिवसापासून हात लावायचा नसतो.
तो दिवस मला जड गेला.

सोळाव्या रात्री जाग आली.
माग थांबले होते.
चाळीस वर्षं खटक-खटक उशाशी घेऊन झोपणारा माणूस
शांततेनं दचकतो.
डीपी जळाली होती, गल्ली काळीठिक्कर.
तापाचा पारा आपणहून उतरत नाही, झटकावा लागतो.
झटकला. पुन्हा ठेवला. सत्त्याण्णव.

आणि तेव्हा ऐकलं.
टिक्.
मग कोपऱ्यातनं, टिक्-टिक्.
कवचाच्या आतनं ती एकमेकांशी बोलत होती,
थांब, मी पण येतोय,
किंवा, चल, किती वेळ.
माग चालू असते तर
हे मला मरेपर्यंत ऐकू आलं नसतं.

खोकं उचललं ते थेट मालनच्या दारात.
बाजेखाली शेगडी, खोलीभर ओवा-शेपांचा वास.
"आणा की हितं. एक शेकतीया, त्यात दोन डझन."
रेश्मा बाळाला घेऊन भिंतीकडं सरकली.
मी पायथ्याशी बसलो, पाठ करून,
पारा झटकत, खोकं पुढं-मागं सरकवत.
मध्येच तिनं विचारलं,
"मामा, ह्यांना दुखत असंल का वो, निघताना?"
मला ठाऊक नव्हतं.
मी म्हणालो, अठ्ठ्याण्णव.

दिवस वर आला तोवर एकोणीस निघाली,
ओली, अंगठ्याच्या पेराएवढी,
सुकल्यावर फुटलेल्या बोंडासारखी.
पाच तशीच राहिली, फुली वर करून.

पाण्याच्या बशीत गोट्या टाकल्या, नाहीतर बुडतात.
तरी एक बुडालं, दोन गोट्यांच्या मधल्या पाण्यात.
खोक्यावर गोणपाट ताणलं,
कारण ह्यांना पळणं सुचत नाही,
दचकली की सरळ वर उडतात, डोकं फोडून घेतात.
नवी डीपी बसली, माग सुरू झाले,
तेव्हा अठराच्या अठरा
एकदम गोणपाटाला भिडली.

सहाव्या हप्त्यात पहिलं अंडं.
तळहातावर घेऊन मी बराच वेळ उभा होतो,
बघायला कुणी नव्हतं म्हणून आत आलो.

त्याच आठवड्यात मालन दारात.
"थर्मामीटर द्या वो. बाळाचं अंग कोमट लागतंय."
धुतला, पुसला, झटकला, दिला.
मागोमाग गेलो.
चष्मा नव्हता तिच्याकडं,
बाळाच्या काखेतनं काढून तिनं मलाच वाचायला दिला.

साडेनव्व्याण्णव.

"बरोबर," असं अगदी ओठांवर आलं होतं.
ते गिळलं.
"जरासा आहे," म्हणालो,
"टोपडं काढा त्याचं थोडा वेळ."